अमेरिकी सरकारने संशोधनाचा पैसा कापला, तर विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून का भागवत नाहीत?

हाच प्रश्न दादाने मला 2013 मध्ये फोनवर विचारला होता. तो सोलापुरात सीए आहे. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, रडूच फुटलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी तेव्हा इथल्या एका मेडिकल स्कूलमध्ये लॅब मॅनेजर होते. म्हातारपणी स्नायू का झडतात, हा आमचा विषय. त्याला म्हातारे उंदीर लागतात, आणि उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं जातात. तोवर प्रत्येक पिंजऱ्याचं रोजचं भाडं चालू.

1 मार्च 2013 ला सीक्वेस्टर लागू झालं. सरकारी तूट कमी करण्यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, एकमत झालं नाही तर सरसकट कात्री लागेल, असं 2011 च्या कायद्यातच होतं. एकमत झालं नाही. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था. तिचे 155 कोटी डॉलर गेले, म्हणजे 5 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एनआयएचचा बराचसा पैसा आधीच मंजूर झालेल्या चार-पाच वर्षांच्या ग्रँटांमध्ये गुंतलेला असतो. त्यांनाही थोडी झळ बसते, पण खरा घाव नव्या आणि नूतनीकरणाला आलेल्या ग्रँटांवर. आमची नेमकी त्याच वर्षी नूतनीकरणाला होती. अर्जाला मिळालेले जे गुण आदल्या वर्षी पुरले असते, ते त्या वर्षी पुरले नाहीत.

बॉसने मला यादी करायला सांगितलं. दोनशेच्या वर पिंजरे होते, साठ ठेवायचे. कुठले ठेवणार? वाण बुडू नये म्हणून पैदाशीच्या तरुण जोड्या ठेवल्या आणि वीस महिन्यांचे उंदीर मारायला काढले. चार महिन्यांनी त्यांच्यावर प्रयोग होणार होता. पिंजऱ्यांवर लाल चिठ्ठ्या मी माझ्या हाताने लावल्या. आमच्याकडे नागपूरची एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारी, होती; हे उंदीर तिच्या प्रयोगाचे. ती त्या दिवशी लॅबमध्ये आली नाही आणि मी तिला फोनही केला नाही. विद्यापीठाच्या एच-वन-बी व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही, पण त्यावरून साध्या कंपनीत जायचं तर लॉटरीत उतरावं लागतं. शेवटी ती परत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रँट मिळाली. पैसे आले, पण वीस महिन्यांचे उंदीर कुठून आणायचे? पुन्हा पिल्लांपासून सुरुवात. तेव्हाही दादाला मी हेच सांगू पाहत होते. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मिळाले ना? मग नुकसान काय?"

आता तिजोरीचं. ही तिजोरी म्हणजे एन्डाउमेंट, देणग्यांतून उभा राहिलेला निधी; ती बँकेतली शिल्लक नव्हे. देणगीदारांनी बहुतेक पैसा ठरावीक कामाला बांधून दिलेला असतो, कुणी शिष्यवृत्तीला, कुणी अध्यासनाला. मुद्दल सांभाळून वर्षाला साधारण 4-5 टक्केच खर्चायचे असतात. शिवाय हार्वर्डची तिजोरी बातम्यांत येते, पण संशोधन करणाऱ्या बहुतेक सरकारी विद्यापीठांकडे तसलं काही नसतं. एनआयएचचं बजेट वर्षाला 4,700 कोटी डॉलरच्या आसपास आहे. ती जागा कुठलीही तिजोरी भरून काढू शकत नाही.

दादाचा दुसरा मुद्दा, "निम्मा पैसा विद्यापीठ ओव्हरहेड म्हणून, म्हणजे इमारत-ऑफिसच्या वरखर्चासाठी, खातं." साफ चूक. दर 50 टक्के असेल तर संशोधनाच्या 100 डॉलरवर वेगळे 50 मिळतात, म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. तोही थोडा कमीच, कारण मोठ्या यंत्रांच्या किमतीवर ओव्हरहेड लागत नाही. एकदा बर्फाच्या वादळात इमारतीची वीज गेली, तेव्हा जनरेटरवर उंदरांची खोली आणि उणे 80 चे फ्रीजर चालू राहिले. तो जनरेटर, पशुवैद्य, नैतिकता समितीचं ऑफिस, सगळं त्यातूनच येतं. 7 फेब्रुवारी 2025 ला एनआयएचने हा दर सगळ्यांना सरसकट 15 टक्के करायचं जाहीर केलं, तेव्हा मला पहिल्यांदा तो जनरेटर आठवला. कोर्टाने ते अडवलं, पण मार्चमध्ये काही विद्यापीठांनी पीएचडीला दिलेले प्रवेशही मागे घेतले.

ओव्हरहेडमध्ये चरबी नसते असं मी म्हणत नाही. 1990 च्या सुमारास एका नामवंत विद्यापीठाने चक्क नौकेचा घसारा सरकारच्या माथी मारला होता. त्यानंतर, 1991 मध्ये, प्रशासकीय भागावर 26 टक्क्यांची मर्यादा आली. दर तपासा, हिशेब मागा, दादासारखे लोक ऑडिटला बसवा. पण एका रात्रीत सरसकट कापणं हा हिशेब नव्हे.

तुम्ही पीएचडीसाठी यायचं ठरवत असाल, तर एनआयएच रिपोर्टर ही साइट उघडा. प्राध्यापकाचं नाव टाकलं की त्याची ग्रँट कधी संपते ते दिसतं. एनआयएचच्या विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याचशा फेलोशिप नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात, त्यामुळे आपल्या मुलांची भिस्त बरीचशी बॉसच्या ग्रँटवर असते. माझी भाची, दादाची धाकटी, यंदा अर्ज करतेय. तिने निवडलेल्या पहिल्याच लॅबची ग्रँट आठ महिन्यांत संपतेय. परवा दादाचा फोन आला, नूतनीकरण झालं नाही तर पोरीचं काय होईल, विचारत होता. मी त्याला त्या लाल चिठ्ठ्यांचं पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी त्याने मधे एकदाही तोडलं नाही.