कूलिंग आधी बघ, आय-७ नंतर

प्रश्न : नमस्कार दादा, मी लातूरचा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. दुकानात दोन रेडिमेड गेमिंग पीसी बघून ठेवलेत, किंमत जवळपास सारखीच. पहिल्यात आय-७ १४७००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, समोरून पूर्ण काच, रंगीत लाईटचे फॅन आणि प्रोसेसरवर कंपनीचा छोटा गोल कूलर. दुसऱ्यात रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० टीआय कार्ड, समोर जाळी, उंच टॉवर कूलर, दिसायला एकदम साधा. मित्र सगळे आय-७ घे म्हणायलेत. पण आमची खोली पत्र्याची, आणि ताई त्याच खोलीत नीटचा अभ्यास करते. पप्पांनी आधीच सांगितलंय, तिला त्रास झाला तर पीसी बंद. परफॉर्मन्स, गरमी, आवाज, यातलं काय धरू आणि काय सोडू?

उत्तर : दुसरा घे. मित्रांना वाईट वाटू दे.

आता का ते सांगतो, कारण तू या तीन वेगवेगळ्या गोष्टी धरून चाललायस आणि खरं तर ही एकच गोष्ट आहे. पीसी जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीत येते, ती बाहेर काढायला फॅन पळतात, आणि फॅन पळाले की आवाज. फॅन पळून पण उष्णता निघाली नाही तर प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे ज्या परफॉर्मन्सचे पैसे मोजले तो पण हातातून जातो.

त्या आय-७ च्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा बेसचा, म्हणजे साध्या वेगाचा आहे. जोर लावला की तोच प्रोसेसर २१९ वॅटपर्यंत जातो. गेममध्ये सहसा एवढा जात नाही हे खरं, पण त्या छोट्या गोल कूलरला एवढी गरमी झेपत नाही, तो नुसता ओरडत राहतो. रायझन ५ ७६०० पण ६५ वॅटचाच म्हणतात, त्याची वरची मर्यादा ८८ वॅट, आणि वर टॉवर कूलर म्हणजे निवांत काम. शिवाय गेममध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात ते, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच ठरवतं, आणि ४०६० टीआय हे ४०६० पेक्षा वरचं कार्ड आहे. पहिल्या पीसीत आय-७ चं नाव पुढं करून कार्ड हलकं दिलंय, रेडिमेडमध्ये हे लई चालतं. हां, टीआय १६० वॅट घेतं आणि साधं ४०६० ११५ वॅट, एवढा फरक आहे, पण जाळीतून हवा येत असेल तर त्याची काळजी नको.

काचेबद्दल मी अनुभवानं बोलतोय. माझा पहिला रेडिमेड पीसी असाच समोरून काचेचा होता, नांदेडला मे महिन्यात दुपारी गेम लावला की पंधराव्या मिनिटाला फ्रेम पडायला लागायच्या, मी आधी गेमलाच दोष दिला, मग ड्रायव्हर बदलले, मग विंडोज नवीन टाकली, आणि शेवटी एक दिवस वैतागून समोरची काचच काढली तर प्रोसेसरचं तापमान ९-१० डिग्रीनं खाली आलं. आठ महिने वाया गेले माझे. फॅन चांगले होते, फक्त त्यांना हवा घ्यायला जागाच ठेवली नव्हती.

दुकानात गेलास की एक कर. पीसीवर एखादा जड गेम अर्धा तास चालू ठेवायला सांग आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्डचं तापमान बघ. दुकानात एसी असतो, समजा २४ डिग्री. तुझी पत्र्याची खोली मे महिन्यात दुपारी सहज ४० ला जाईल. खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच आतलं तापमान वर सरकतं, म्हणजे दुकानात ८० दिसलं तर घरी ९६ समज. रायझनची मर्यादा ९५ आहे, त्याच्या पुढं तो स्पीड पाडणार. म्हणून दुकानात ७० च्या आसपास दिसलं तरच घरी निभतं. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघ, लाखाच्या आसपासची वस्तू आहे, अर्धा तास मागायला लाजायचं नाही.

आता ताईचं. एकच फॅन दुप्पट वेगानं पळवला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो, आणि त्याच वेगाचा दुसरा फॅन शेजारी लावला तर फक्त ३ डेसिबलनं. कानाला १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. त्यामुळं दोन-तीन मोठे फॅन हळू फिरणारे, १२० किंवा १४० एमएमचे, हाच शांततेचा रस्ता. आणि अभ्यास करणाऱ्याला एकसारखी घरघर एवढी टोचत नाही, टोचतो तो चढउतार, मधेच भर्रकन वाढणारा. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडते ती सेटिंग) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर फॅन किती पळायचा तो आलेख, जरा सपाट कर, प्रोसेसर क्षणभर तापला म्हणून फॅन लगेच पळायला नको. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा असेल तर फ्रेम ७५ वर बांधून टाक, कार्डला उगाच २०० फ्रेम काढायला लावून गरमी वाढवू नको. कार्डची पॉवर लिमिट, म्हणजे किती वीज घ्यायची ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणली तरी फ्रेम थोड्याच जातात आणि आवाज बराच बसतो, हे तर मी प्रत्येकाला सांगतो.

एवढं करून पण ताईची परीक्षा जवळ आली की हेडफोन लाव आणि गेम रात्री तिच्या अभ्यासाच्या वेळेत खेळू नको. तिचं वर्ष पुन्हा येणार नाही, गेम कुठं पळून चाललाय.

अजून दोन गोष्टी. पाण्याचा कूलर खोलीत असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नको, ओलसर हवा असते ती. आणि लाईट जाते म्हणून यूपीएस घेशील तर ६०० व्हीए क्षमतेचा नको, तो साधारण ३६० वॅटच देतो आणि तुझा पीसी मॉनिटरसकट तिथंच टेकेल, १००० व्हीएचा बघ.

प्रश्न : मानवतला राहतो, शेजारीच जिनिंग आहे. सीझनमध्ये पीसीत कापसाचे तंतू भरतात आणि आवाज वाढतो. किती दिवसांनी साफ करावा?

उत्तर : जिनिंग चालू असताना जाळीचा फिल्टर दर आठवड्याला काढून झटका, बाकी वर्षभर महिन्यातून एकदा चालतं. आत घेणारे फॅन बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येते, फटीतून तंतू ओढले जात नाहीत. कूलरच्या पत्र्यांमध्ये रुई चटईसारखी बसते, ती ब्लोअरनं उडवा, पण ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर फॅन भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग जातं. पीसी बंद करून, प्लग काढून, आणि अंगणात. घरात केलंत तर तेच तंतू संध्याकाळपर्यंत परत आत.