इंजिनावरच्या 'गव्हर्नर'चा आणि राज्यपालाचा काही संबंध आहे का? हा शब्द आला कुठून? आणि मुलाखतीत गव्हर्नर आणि फ्लायव्हीलमधला फरक विचारला तर काय सांगायचं?

आहे, आणि सख्खा आहे. दोघांचाही मूळपुरुष नावाडी.

ग्रीकमध्ये 'किबेर्नान' म्हणजे सुकाणू धरून नाव हाकणं. लॅटिनने त्याचं 'गुबेर्नारे' केलं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'गव्हर्न' होऊन उतरलं. राज्य हाकणारा गव्हर्नर झाला आणि मग इंजिनाचा वेग सांभाळणारी वस्तूही. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. (युक्ती त्याची नव्हे. पवनचक्कीतल्या जात्याच्या दगडांमधलं अंतर राखायला ती आधीपासून वापरात होती.)

'नियामक' हा प्रतिशब्द ओढूनताणून केलेला वाटतो, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते मला झोंबलं, म्हणून हे उत्तर. अमरकोश उघडा: 'नियामकाः पोतवाहाः'. जहाज हाकणारे ते नियामक! ग्रीक आणि संस्कृत एकमेकींना न विचारता एकाच होडीत बसल्या आहेत, आणि आपण म्हणतो शब्द बोजड आहे. 'यंत्र' आणि 'नियामक' दोन्ही 'यम्' या एकाच धातूचे, अर्थ आवरणं, ताब्यात ठेवणं.

झोंबण्याचं कारण जुनं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला आमचा डिझेल जनरेटर हंटिंग करायला लागला, म्हणजे त्याचा वेग एका जागी न राहता सारखा वर-खाली व्हायला लागला. सेट १५०० आरपीएमचा (मिनिटाला १५०० फेऱ्या), वर साधा मेकॅनिकल गव्हर्नर. लोड (विजेची मागणी) जरा हलला की फ्रिक्वेन्सीचा काटा ५० वर टिकायचा सोडून ४८ ते ५२ हर्ट्झमध्ये झोके घ्यायचा, फ्युएल रॅक (इंधन कमी-जास्त करणारी दांडी) सारखा आत-बाहेर, आणि इंजिनाचा आवाज दम लागलेल्या माणसासारखा. आमचे साहेब म्हणाले, "गव्हर्नर ढिला पडलाय. ड्रूप कमी कर, अगदी शून्यावर आण, वेग खिळल्यासारखा राहील." (ड्रूप म्हणजे लोड वाढला की वेगाला जेवढं उतरू दिलं जातं तेवढी सूट.)

मी म्हणालो, साहेब, उलट ड्रूप थोडा वाढवू या. का, ते समीकरणाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून शब्दावरून सांगितलं. गव्हर्नर म्हणजे सुकाणूवाला. नवशिका सुकाणूवाला नाव जरा डावीकडे गेली की सुकाणू पूर्ण फिरवतो, मग ती उजवीकडे जाते, मग तो पुन्हा पूर्ण उलटा फिरवतो, आणि नाव सापासारखी जाते. मुरलेला थोडी चूक चालवून घेतो. ड्रूप म्हणजे ती चालवून घेतलेली चूक. ४ टक्के ड्रूप असेल तर पूर्ण लोडवर १५०० असलेला वेग लोड काढल्यावर १५६० ला जाऊन थांबतो. पण थांबतो!

सगळ्या पाळीसमोर साहेब हसले. "शब्द चघळून इंजिन चालत नाही. भाषेचा मास्तर व्हायचं होतंस."

ड्रूप कमी केला. झोके वाढले, आणि शेवटी वेग मर्यादेबाहेर गेला आणि सेट ओव्हरस्पीडवर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. अंधारात साहेबांचा चेहरा दिसला नाही, ही हळहळ अजून आहे. पुन्हा चालू करताना मी न विचारता ड्रूपचा स्क्रू उलटा फिरवला. काटा दोन-तीन हेलकावे घेऊन शांत झाला.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर जो निबंध लिहिला, त्यातही प्रश्न हाच आहे: झोके विरतात कधी आणि वाढत जातात कधी. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ च्या पुस्तकात नियंत्रणाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं तेव्हा त्याला हाच निबंध आठवला, आणि शब्द घेतला तो ग्रीक सुकाणूवाल्याचाच. शब्द चघळणारे एवढे मोठे लोक आहेत, साहेब.

मुलाखतीत विचारलं तर काय सांगायचं, हे राहिलंच. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) एका फेरीतला वेगाचा चढउतार पोटात घेतं, गव्हर्नर लोड बदलला की इंधन बदलतो. एवढं पुरे. वर 'सुकाणूवाला' जोडायचं की नाही ते समोरच्याचा चेहरा बघून ठरवा. मी जोडाच म्हणेन. वॉट गव्हर्नरची उंची (गोळ्यांच्या पातळीपासून त्यांचे दांडे वर जिथे मिळतात तिथपर्यंत) मीटरमध्ये ८९५ भागिले आरपीएमचा वर्ग, हे सूत्र पाठ असतं सगळ्यांना. पण ६० आरपीएमला सुमारे २५ सेंटीमीटर असलेली ती उंची ३०० ला जेमतेम १ सेंटीमीटर उरते, म्हणून पोर्टरने मधे वजन टाकलं, हे सांगणारा क्वचित भेटतो.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी. शून्य ड्रूप नेहमीच वाईट असं नाही. कम्पेन्सेशन (झोके विरवायची सोय) असलेले हायड्रॉलिक गव्हर्नर आणि आजचे इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर त्यावर व्यवस्थित चालतात. आणि आमच्या सेटचं खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सापडलं: रॅकच्या लिंकेजमधली एक पिन सुकून अडकत होती. ड्रूप वाढवून मी फक्त ते झाकलं होतं. पिन साफ करून तेल दिलं आणि स्क्रू मूळ जागी नेला.

लॉगबुकात साहेबांनी त्या रात्रीची नोंद स्वतःच्या अक्षरात केली: 'गव्हर्नर ॲडजस्ट केला.' कुणी, कुठल्या बाजूला, काही नाही.