टुटू एवढा आखूड का झाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं बॅले शिकतेय. डिसेंबरमध्ये क्लासचा शो आहे आणि मॅडमनी ताटासारखा सपाट टुटू, म्हणजे बॅलेचा झगा, हवा म्हणून सांगितलंय. आमच्या टेलरने लेहंग्याला लावतात तो कॅनकॅन वापरून शिवून दिला, पण घातल्या घातल्या तो खाली पडला, मिटलेल्या छत्रीसारखा. वर सासूबाई म्हणतात की त्यांनी जुन्या चित्रांत बघितलेल्या बॅलेवाल्या बायकांचे झगे चांगले पोटरीपर्यंत होते, मग आताच एवढं आखूड कशाला? त्यांना काय सांगू आणि टेलरला काय सांगू?
– एक आई, मुलुंड

उत्तर: सासूबाईंनी बघितलंय ते अगदी बरोबर आहे, आधी त्यांना हे सांगा. तो पोटरीपर्यंतचा झगा पण टुटूच आणि मॅडम म्हणतायत तो ताटासारखा पण टुटूच, मधे फक्त पन्नाससाठ वर्षं गेली.

सुरुवात खरं तर त्याच्याही आधीची आहे. अठराव्या शतकात पॅरिसला मारी कामार्गो नावाची नर्तकी होती, तिचं पायांचं काम फार जलद, उडी मारून हवेतच पाय एकमेकांवरून कात्रीसारखे फिरवायची, पण जमिनीला टेकणाऱ्या घागऱ्यात ते कुणाला दिसणार? म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला आणि तेवढ्यावरूनही तेव्हा बरीच बोलाबोली झाली. मग १८३२ मध्ये पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीड' नावाचा बॅले झाला, त्यात मारी तालियोनीने पांढरा, पोटरीपर्यंतचा, तलम कापडाच्या थरांचा झगा घातला, ती वाऱ्यातली परी होती ना, माणसाच्या हाती न लागणारी, आणि गॅसच्या दिव्यांत ते कापड धुक्यासारखं दिसायचं. १८४१ च्या 'जिझेल' या बॅलेतली भुतं पण तशाच वेशात. सासूबाईंच्या आठवणीतला झगा तो हा, त्याला रोमँटिक टुटू म्हणतात.

पण त्या तलम कापडाने जीव पण घेतलेत आणि टुटूचा विषय निघाला की मला एम्मा लिव्हरी आठवल्याशिवाय राहत नाही. तालियोनीची लाडकी शिष्या, तालियोनीने तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे फुलपाखरू नावाचा बॅले बसवला होता, त्यात फुलपाखराचे पंख मशालीने जळतात. १५ नोव्हेंबर १८६२ ला पॅरिस ऑपेरातच दुसऱ्या एका प्रयोगाच्या तालमीत एम्माचा झगा गॅसच्या दिव्याला लागला आणि भडकला. वय वीस. आठ महिने भाजलेल्या अंगाने तळमळत होती, १८६३ च्या जुलैमध्ये गेली. आग लागू नये म्हणून कापड रसायनात बुडवायची पद्धत तेव्हा आलेली होती, तसा नियमही झाला होता, पण त्याने कापड कडक आणि पिवळट व्हायचं म्हणून तिने नको म्हटलं होतं. त्या झग्याचे जळके तुकडे अजून पॅरिसला ऑपेराच्या संग्रहालयात ठेवलेत. म्हणून ताई, एक कळकळीची विनंती, शोच्या दिवशी मेकअप रूममध्ये समई, उदबत्ती असलं काही असेल तर नेटच्या कपड्यातल्या मुली तिथून लांब ठेवा, नायलॉन नेट पेटली तर वितळून अंगाला चिकटते.

आता आखूड का झाला ते. १८८० नंतर इटलीच्या नर्तकी रशियात जायला लागल्या, त्यांचं तंत्र फार पक्कं. व्हर्जिनिया झुक्की १८८५ ला सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या मानाने आखूड झगाच घालणार म्हणून अडून बसली. मग पिएरिना लेन्यानी आली, तिने एका पायाच्या चवड्यावर उभं राहून दुसरा पाय सपासप फिरवत सलग ३२ गिरक्या घेतल्या, १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये पण त्या होत्या. आता पोटरीपर्यंतच्या झग्यात हे बघायला गेलं तर गुडघा दिसत नाही, मांडी कुठून वळतेय ते दिसत नाही, कापड पायात गुंडाळतं ते वेगळंच. लावणीत नऊवारीला काष्टा का असतो? पाय मोकळा राहावा म्हणून. टुटू वर जात गेला तो पण पायासाठीच, सासूबाईंना मी असंच सांगेन.

टेलरचं म्हणाल तर त्याची चूक एवढीच की त्याने घागरा शिवला. टुटू चड्डीवर शिवतात. कंबरेपासून नितंबापर्यंत घट्ट पट्टी, तिच्याखाली चड्डी, आणि त्या चड्डीवर एकाखाली एक अशा नेटच्या चुणीदार झालरी, साधारण दहाबारा. सगळ्यात खालची, मांडीजवळची झालर दोनेक इंचांचीच आणि वर जाताना प्रत्येक झालर थोडी रुंद, म्हणजे खालची वरचीला उचलून धरते. खाली कडक नेट, वरच्या दोनतीन थरांना मऊ. मधल्या एका थरात बारीक स्टीलची रिंग घालतात आणि शेवटी सगळे थर एकमेकांना आतून सैल टाक्यांनी अडकवतात, टाका ओढायचा नाही, ओढला की खड्डा पडतो. नऊ वर्षांच्या मुलीला सातआठ थर पुष्कळ झाले आणि रिंग नसली तरी चालेल. न्यूयॉर्कला बार्बरा कारिन्स्का या वेशभूषाकार बाईंनी १९५० मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनच्या बॅलेसाठी बिनरिंगचाच टुटू केला होता, पावडरच्या पफसारखा फुललेला, तो अजून वापरतात. मॅडमना एकदा विचारून बघा. नेट मंगलदास मार्केटमध्ये बघा, दुकानदाराला 'हार्ड नेट' म्हणा आणि मुठीत चुरगळून सोडा, परत उभी राहिली तरच घ्या.

प्रश्न: 'टुटू' या शब्दाचा अर्थ काय?
– कॉलेज विद्यार्थिनी, परळ

उत्तर: फ्रेंच लहान मुलं बुडाला 'क्युक्यु' म्हणतात, त्याचंच टुटू झालं असं मानतात. छापील वापर १८८१ च्या सुमाराचा, चित्रकार देगाने खऱ्या कापडाचा स्कर्ट घातलेला, चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा पॅरिसला मांडला तेच वर्ष.

प्रश्न: आमचे वडील सांगायचे की रशियाची प्रसिद्ध बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा मुंबईत नाचून गेली. खरं का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर: खरं आहे आजोबा. १९२२ मध्ये आली होती आणि १९२८ च्या दौऱ्यात पुन्हा. त्या दुसऱ्या वेळी पुढे भरतनाट्यमसाठी नावाजलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा कार्यक्रम मुंबईत बघितला, पुढे बोटीवर ओळख वाढली, पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नोर्दीकडे त्या बॅले शिकल्या, आणि पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या देशातलं नृत्य शोधा म्हणून सांगितलं. पाव्हलोव्हाच्या मरणाऱ्या हंसाच्या प्रसिद्ध नाचातला टुटू, पिसं लावलेला, वडिलांनी बघितला असेल तर केवढं भाग्य!

प्रश्न: वन रूम किचनमध्ये टुटू ठेवायचा कुठे?
– मुलुंडच्याच ताई, दुसऱ्या मेलमध्ये

उत्तर: उलटा टांगा, चड्डीचा भाग वर, झालरी खाली, चड्डीला दोन नाड्या लावून हँगरला अडकवा, म्हणजे थर लोंबत नाहीत. टांगायला जागाच नसेल तर उलटाच सपाट करून कपाटावर ठेवा, वर जुनं सुती पातळ टाका, प्लॅस्टिक नको, दमट हवेत घाम धरतं. धुवायचा नाही, घामाची चड्डी तेवढी आतून ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. आणि शोला लोकलने जाणार असाल तर दुपारची गाडी पकडा, संध्याकाळच्या गर्दीत तो टिकणार नाही.