आरोग्याचा आणि शाश्वत विकासाचा नेमका संबंध काय?

नुसते दवाखाने काढून लोक निरोगी होत नाहीत, हाच तो संबंध. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांत आरोग्य तिसरं, स्त्री-पुरुष समानता पाचवी, पाणी सहावं. गावात मात्र ही सगळी एकाच हापशावर भेटतात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडचंच बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, अन्न-पाण्याची होती. मग हापसे आले, आणि ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवंय? मग सगळ्या गावाने तिथेच यायचं! म्हणजे एका हापशाने जुलाबाला आणि शिवाशिवीला एकदमच हात घातला. पुढे गावातल्याच बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, सगळं त्याच बघायच्या. (शिकल्यासवरल्या लोकांना हे अजून पचत नाही, ते सोडा.) काही वर्षांतच तिथले बालमृत्यू झपाट्याने कमी झाले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.