जिल्हा परिषदेच्या शाळेत भूविज्ञान खरंच शिकवतात का?

वेगळा विषय म्हणून नाही, भूगोलातच येतं. नववीच्या पुस्तकात भूकंप, ज्वालामुखी, विदारण (खडक फुटणं-झिजणं) सगळं आहे. पण दहावीला भारत आणि ब्राझील या दोन देशांचा भूगोल आणि ४० गुणांचा पेपर, मग खडकाला हात कोण लावतो! आमच्या लातूरकडे तर प्रयोगशाळा दारातच आहे. विहीर खणली की वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण (बेसॉल्ट), म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पोरं त्याच ढिगाऱ्यावर खेळतात आणि परीक्षेत 'बेसॉल्ट'ची व्याख्या घोकून लिहितात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घरी आजी सांगते. दगडमातीच्या जाड भिंतींखालीच माणसं का दबली, हे मात्र वर्गात क्वचितच निघतं. भूगोलाचा तास बऱ्याचदा भाषेच्या नाहीतर इतिहासाच्या गुरुजींकडे असतो, त्यांना तरी किती बोलणार?