एक ओळ रिकामी ठेव

सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा ग्राफ पाहिला. हळदीच्या अर्कात एमसीएफ-7 या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं असेलही. पण साबणाच्या पाण्यातही त्या मरतातच की! तेव्हा पोस्टरवरचं ‘हळदीने कॅन्सरवर मात’ आधी खोड. अर्क न दिलेल्या कंट्रोलमध्येही अर्क विरघळवायचं डीएमएसओ तेवढंच होतं का? कॅन्सर नसलेल्या पेशींना तोच डोस देऊन पाहिलास का?

आणि प्लेटमधल्या खळग्यांची एक ओळ पेशींविना ठेव. नुसतं पेशी वाढवायचं मीडियम, अर्क आणि एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जांभळा करतात तो पिवळा रंग. उमेदीच्या काळात मी हीच ओळ गाळली होती. डाळिंबाच्या सालीचा अर्क होता. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन तरंगत होत्या, चक्क मेलेल्या. रंग मोजणारा रीडर मात्र त्या जिवंत असल्याचं सांगत होता. चार महिने मी मशीनला शिव्या दिल्या. शेवटी पेशींविना करून पाहिलं, तर ते खळगेसुद्धा जांभळे! अर्कच एमटीटीचा रंग बदलत होता.

हळदीतलं कुर्क्युमिन तर त्याहून लबाड. ते स्वतःच चमकतं, म्हणजे फ्लुरोसन्सची रीडिंगंही फसवी. सीरम नसलेल्या मीडियममध्ये, पीएच 7.2 आणि 37 अंशाला, अर्ध्या तासात त्याचा जवळपास 90 टक्के भाग मोडतो. मग पेशी मारल्या कुणी?

हळकुंडं मार्केट यार्डातून आणलीस म्हणे. पॉलिशच्या ड्रममध्ये वरून कुठला रंग पडला, कोण सांगणार? शेतावर जा. हळदीची जात, गाव, काढणीची तारीख, कच्ची की शिजवलेली, सगळं वहीत उतरव.

खट्टू होऊ नकोस. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य असतं. वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी ते 1966 साली एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. माणसांवरच्या चाचण्या विषारीपणामुळे थांबल्या. त्याच रेणूत बदल करून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कॅन्सरच्या औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली ती 1996 साली. तुला तर अजून दोनच वर्षं झालीत.

परवा मिरजेहून एक गृहस्थ आले होते. हातात हळदीवरच्या अशाच कुठल्या संशोधनाचं कात्रण. “बायकोची केमो थांबवू का?” म्हणत होते. समजावून दवाखान्यात परत धाडलं, पण कात्रण त्यांनी घडी घालून खिशातच ठेवलं.

रविवारी ये. रिकाम्या ओळीचे आकडे घेऊनच ये. काकूंनी धपाटे करायचं कबूल केलंय.

तुझा,
सर