तारेचा रंग बघा, पण विश्वास मीटरवर ठेवा

प्रश्न : नव्या कूलरच्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी तार आहे. घरच्या बोर्डात लाल, काळी, हिरवी. काय कशाला जोडायचं? (जळगाव)

तपकिरी म्हणजे फेज (करंट आणणारी), निळी न्यूट्रल (करंट परत नेणारी), हिरवी-पिवळी अर्थिंग (शॉकपासून वाचवणारी). बोर्डातली लाल, काळी, हिरवीही याच क्रमाने. पण तारा बोर्डात खुपसू नका, थ्री-पिन टॉप (प्लग) लावा. टॉपमध्ये डावं-उजवं करत बसण्यापेक्षा स्क्रूजवळची अक्षरं पाहा : एल फेजचं, एन न्यूट्रलचं, जाड पिन अर्थिंगची. हिरवी तार इतर दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. वायर ओढली गेलीच, तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटते. लोखंडी बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. अशा कूलरची हिरवी तार कापून टू-पिन लावणं म्हणजे शॉकला आमंत्रण.

एक गफलत मात्र नेहमीची. शेतातल्या मोटारीच्या केबलीत लाल, पिवळी, निळी या तिन्ही तारा फेजच्या असतात. केळीच्या बागेतली उरलेली केबल कुणी घरात ओढली असेल, तर तिथली निळी न्यूट्रल आहे की फेज, हे रंगावरून कळणार नाही. तपासावंच लागेल.

प्रश्न : सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, पण टीव्ही चालत नाही. दोन फेज आले का? (भुसावळ)

बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेली असते. त्याच लाइनवर एखादा बल्ब किंवा पंखा चालू असला, की फेज त्याच्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेत येतो. सगळी बटणं बंद करून आणि पिना काढून पुन्हा पाहा. एका भोकातला उजेड गेला, तर निदान जवळपास पक्कं.

खात्री मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरने करा. मीटर एसी 600 किंवा 750 व्होल्टवर ठेवा आणि आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर तपासून घ्या. नीट सॉकेटमध्ये, समोरून पाहताना, उजवं भोक फेजचं : उजवं-डावं 230 च्या आसपास, उजवं-अर्थिंग तेवढंच, डावं-अर्थिंग जेमतेम एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल तुटली आणि लोड (बल्ब, पंखा) चालू असला, तर उजवं-डावं शून्याजवळ येतं आणि डावं-अर्थिंग 230 कडे जातं. ‘काही चालत नाही, म्हणजे करंट नाही’ असं समजून हात घालणाऱ्याला इथेच झटका बसतो. मेन बंद करा, वायरमन बोलवा. न्यूट्रलची काळी तार बहुधा कुठल्या तरी जोडात जळून सुटलेली सापडते.

प्रश्न : गाडीत म्युझिक सिस्टिम बसवली. चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. (धुळे)

पिवळी आणि लाल तार उलटी जोडली गेली असणार. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये पिवळी कायमच्या 12 व्होल्टची, लाल चावीवरची, काळी बॉडीची. गाडीच्या स्वतःच्या वायरिंगचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. मीटर डीसी 20 वर, काळी पिन रंग नसलेल्या बोल्टवर : चावी काढूनही 12 दिसली ती तार पिवळीला, चावी फिरवल्यावरच दिसली ती लालला. मोजून झालं की जोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर जाळच निघतो. स्पीकरची मायनस तार बॉडीला लावू नका, सेट जळतो.

प्रश्न : स्टिअरिंगखाली पिवळ्या नळीतल्या तारा आहेत. त्यातून सप्लाय घेऊ का? (नंदुरबार)

नाही. पिवळी नळी किंवा पिवळा कनेक्टर बहुधा एअरबॅगचा असतो. त्याला मीटरसुद्धा लावू नका. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या जाड नारिंगी केबलीही तशाच. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.